एकशे बारा अंश ‘ओ’

रोन्से, १४ जानेवारी

प्रिय ओक्ताव,

पाकीट हातात घेऊन तू नक्की म्हणाला असशील, “हं, मास्तरांना सात वर्षांनी आठवण झाली वाटतं.” झाली. पाकिटावरचा शिक्का बघ, तुझ्याच छापखान्यातला आहे, मुकुट घातलेल्या पेंग्विनचा. तो पेंग्विन बदकासारखा दिसतो असं मी तेव्हा म्हणालो होतो आणि माझं मत आजही तेच आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघे सोडून. हे आधीच सांगून टाकतो, कारण सत्तरीच्या माणसाचं एवढ्या वर्षांनी पत्र आलं की लोक पहिल्या ओळीपासून त्याचा कुठला अवयव निकामी झाला ते शोधत बसतात. पत्र माझ्या भाषेत, डचमध्ये लिहितोय. तुला ती उत्तम येते, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या एल्झेलला गेल्यापासून येत नसल्याचं सोंग तू करतोस, असं मला बेकरीतल्या बाईने सांगितलं. सहा किलोमीटरवर राहायला गेलास आणि भाषाच बदललीस. बसने अकरा मिनिटं लागतात. मी वेळापत्रक पाहून ठेवलंय, पाच वर्षांपूर्वीच.

आपण दोघांनी काढलेल्या राष्ट्राची खुशाली म्हणशील तर टुसेनलांडची भरभराट चालली आहे. एकोणीस देशांत मिळून दोनशे अकरा नागरिक आहेत आणि त्यातला एकही आपल्या भूमीवर राहत नाही, ही गोष्ट जगातल्या दुसऱ्या कुठल्या सरकारला जमली असेल तर दाखव. नेलीच्या कॅफेतलं मागचं टेबल अजून आपलंच आहे. नेलीचे केस पांढरे झाले, पण जीभ तशीच आहे. परवा एका नव्या नागरिकाने तिला विचारलं, “राजधानी हीच का?” तर ती म्हणाली, “हीच, आणि राजाला सांगा कोट खुर्चीवर टाकू नकोस, खुंटी आहे.” राजा म्हणजे मी. आपण राजेपण कधी घेतलं नाही, अध्यक्ष आणि मुद्रणमंत्री एवढंच ठरवलं होतं, पण तू गेल्यावर मला टोकायला कोणी उरलं नाही आणि पदवी आपोआप फुगत गेली.

तुला ती नगरपालिकेची सभा आठवते? सव्वीस वर्षं झाली. बेकरीच्या गल्लीच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावर तीन तास. तू फ्रेंचवाल्यांच्या बाकावर होतास, मी आमच्या. माझ्या शेजारचा पाटीच्या लांबीरुंदीवर बोलायला उठला आणि मी समोर पाहिलं तर तू ओठ चावून हसू दाबत होतास. आपण दोघं एकाच क्षणी उठून बाहेर पडलो. नेलीकडे दुसऱ्या ग्लासाला तू म्हणालास, “असा एक देश हवा जिथे पाटीच नाही.” मी म्हणालो, “पाटी नको असेल तर माणूसच नको.” आणि मी भूगोलाचा मास्तर, मला ठाऊक होतं की खाली दक्षिण ध्रुवाकडे एक भलीमोठी फोड अशी आहे जिच्यावर कुठल्याच देशाने हक्क सांगितलेला नाही. इतरांनी आपापल्या फोडी वाटून घेतल्या, ही तेवढी ताटात राहिली. त्या किनाऱ्याला तीन चिमुकली बेटं, एका जुन्या फ्रेंच नकाशात ठिपक्यांएवढी. माणूस नाही, तोंड नाही, भाषेचं भांडण नाही. मला वाटलं, आपण जगातली सगळ्यात शहाणी गोष्ट केली. अजूनही वाटतं.

आपली राज्यघटना एका पानाची. कलम एक: या बेटांवर कोणीही पाय ठेवणार नाही, आपणही नाही. कलम दोन: सीमेत काहीही बदल करायचा तर दोन्ही संस्थापकांच्या सह्या हव्यात, प्रत्येकाची आपल्या भाषेतल्या प्रतीवर. बस, संपली. मग बारा सरकारांना बारा पत्रं, दोन्ही भाषांत. मी हाताने मजकूर लिहिला, तू फ्रेंच केलंस, तुझ्या बायकोने, जिनेटने टाइप केलं, तू छापलंस. एका वकिलातीने उत्तर पाठवलं की पत्र पोचलं, आणि ती एक ओळ आपण चौकट करून नेलीच्या भिंतीवर लावली, मान्यतापत्र म्हणून. बेटांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यात मोठ्याला माझं नाव द्यावं असं मी अगदी सहज सुचवलं. जिनेट म्हणाली, “रूलांड, तुमचं पोट आहे की, आणखी बेट कशाला?” म्हणून मोठ्याला नेलीचं नाव दिलं, कारण जागा तिची. छोट्याला पाटीच्या गल्लीचं. मधलं जिनेटचं. तिने चष्मा वर करून नकाशा जवळून पाहिला आणि विचारलं, “तिथे शेजारी नाहीत ना? मग मला चालेल.”

दर गुरुवारी मी तुमच्याकडे जेवत होतो, हे मी एकटा असल्याची दया म्हणून नव्हे तर मी असलो की जेवणात रंगत येते म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती. चिकोरीच्या कडसर कोंबांना हॅम गुंडाळून वर चीज घातलेली ती भट्टीतली थाळी मी नंतर चार वेळा करून पाहिली. चारही वेळा खाली पाणी सुटलं. तिने एकदा मला युक्ती सांगितली होती, पण मी तेव्हा बोलत होतो.

आणि आपल्या राष्ट्रीय दिनाचा बर्फ! जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, बरोबर अकरा वाजता, मासेवाल्याकडची लादी नेलीच्या कपडे धुण्याच्या टबात. वर झेंडा रोवायचा आणि बर्फ वितळून झेंडा पडेपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्याची भाषा बोलायची, चुकेल तो सगळ्यांची भांडी घासेल. हा नियम तुझा. माझं फ्रेंच ऐकून तू एकदा टेबलाखाली गेला होतास. तुमचे ‘फँ’ आणि ‘फाम’ माझ्या तोंडात एकच होतात, त्यामुळे मी “मला भूक लागली आहे” म्हणायला गेलो आणि “माझी बायको लागली आहे” असं म्हणालो, आणि जिनेट शांतपणे म्हणाली, “मास्तर, आधी करा, मग लागेल.” अजूनही लादी ठेवतो आम्ही. पण सात वर्षं आमच्या बाजूचे फ्रेंच बोलतात आणि ते ऐकून खऱ्या अर्थाने दुखावं असं समोर कोणी बसलेलं नसतं. त्यात मजा राहिली नाही, हे कबूल करतो.

आता त्या डिसेंबरकडे येतो. तुला सगळं माहीत आहे, पण मी मास्तर आहे, फळ्यावर लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपला तो डेन्मार्कचा नागरिक, जहाजावर नकाशे सांभाळणारा, त्याचं पत्र आलं. अतिशय नम्र पत्र. लिहिलं होतं की आपल्या दाव्यात त्र्याहत्तर अंश दक्षिण आणि एकशे बारा अंश पूर्व असं दिलंय. त्या जागी बेट नाही, किनारा नाही, समुद्र सातशे किलोमीटर दूर आहे, पायाखाली दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे आणि शिवाय तो भाग ऑस्ट्रेलियाने आधीच आपला म्हणून सांगितलेला आहे. आपली बेटं पश्चिमेला असावीत, तपासून पाहावं. एकोणीस वर्षं, ओक्ताव! एकोणीस वर्षं आपण पृथ्वीच्या उलट्या कुशीवर राज्य करत होतो. आणि कारण एकच, ते गोल अक्षर. तुमच्या फ्रेंचमध्ये ‘ओ’ म्हणजे पश्चिम, आमच्या डचमध्ये ‘ओ’ म्हणजे पूर्व. फ्रेंच नकाशावर एकशे बारा ‘ओ’ असं छापलेलं होतं. जगात दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसांना ही चूक करताच आली नसती. भाषेच्या भांडणापासून पळून ध्रुवापर्यंत गेलो आणि तिथे आधीच ते येऊन बसलेलं.

त्याच आठवड्यात साप्ताहिकाची ती बातमीदार मुलगी नेलीकडे आली. विसाव्या वर्षात पदार्पण म्हणून गोड बातमी लिहायला आली होती, टेबलावरचं डॅनिश पत्र तिने वाचलं. तिने मला विचारलं, “चूक कोणाची?” सगळं कॅफे ऐकत होतं. माझे माजी विद्यार्थी होते त्यात, निदान सहा. आणि मी मोठ्याने म्हणालो, “नकाशा फ्रेंच, छापणारा फ्रेंच, ओ पण फ्रेंच. मी काय करणार?” सगळे हसले. फार हसले. जिनेटला जाऊन दोन महिने झाले होते. तू कोपऱ्यात बसला होतास, कोट अंगातच होता, आणि तू काही बोलला नाहीस. मला ते तुझं गप्प बसणं कबुलीसारखं दिसावं, अशी मी मनात सोय करून घेतली.

मग जानेवारीच्या जत्रेत, वेड्या सोमवारी, सोंगांनी काय केलं ते तू पाहिलंस. पुठ्ठ्याचा माणसाएवढा ‘ओ’ करून ते गावभर फिरले आणि तुझ्या छापखान्यासमोर उभं राहून ओरडले, “मुद्रणमंत्री, उजवीकडे की डावीकडे?” मुखवट्यांमागे कोण होतं ते मला माहीत आहे, सांगणार नाही, त्यांतला एक आता नगरसेवक आहे. तू शटर खाली ओढलंस. ते पुन्हा वर गेलेलं मी पाहिलं नाही. फेब्रुवारीत किल्ली घरमालकाला देताना रस्त्यात भेटलास तेव्हा एवढंच म्हणालास, “रूलांड, कागद तुझ्याकडे आहेत. बघ एकदा.” आणि आठवड्याभराने टपालाने तुझा टुसेनलांडचा पासपोर्ट, क्रमांक दोन, परत आला. सोबत चिठ्ठी नव्हती. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. क्रमांक दोन मी कोणाला दिलेला नाही. क्रमांक तीनही तसाच जिनेटच्या नावावर आहे. आमच्याकडे नागरिक मेला म्हणून नागरिकत्व जात नाही, हे मी स्वतःच ठरवलं आणि कोणाला विचारलं नाही.

आता ताजी बातमी. शरद ऋतूत नागरिकांनी मतदान केलं. ते चिडलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. सात वर्षं मी दावा दुरुस्त करत नाही, विचारलं की “अभ्यास चालू आहे” म्हणतो. त्यांनी ठराव केला की या राष्ट्रीय दिनापर्यंत सीमा पश्चिमेला हलवा, नाहीतर देश विसर्जित करा. म्हणजे बर्फ वितळेपर्यंत दोन सह्या झाल्या नाहीत तर टुसेनलांड संपलं. मला सगळ्यांनी सल्ला दिला की दुसरा संस्थापक बदलून टाक, नेलीला कर. नेलीने तिथल्या तिथे सांगितलं, “मी बीअर ओतते, खोट्या सह्या करत नाही.” मीही नाही म्हणालो. मला दुसरा संस्थापक नको आहे. मला तू हवा आहेस. हे लिहायला मला दोन वाक्यं लागली आणि सात वर्षं लागली.

आणि आता सोबतचा फोटो बघ. आपली एक नागरिक आहे, चिलीची, समुद्रातल्या गाळाचा अभ्यास करते. डिसेंबरात तिचं जहाज त्या बाजूला गेलं. तिने कप्तानाला विनंती करून तासभर वळण घेतलं आणि पश्चिमेच्या एकशे बारा अंशावरून मधल्या बेटाचा फोटो काढला. उतरली नाही. कलम एक तिला पाठ आहे. काळा खडक, एका खांद्यावर बर्फ, आणि उजव्या टोकाला गुलाबीसर पट्टा. मी तिला विचारलं की हा कुठला दुर्मीळ दगड, तर तिचं उत्तर आलं, “पेंग्विनची शी, अध्यक्षमहोदय. हजारो आहेत.” तर जिनेटला शेजारी आहेत. तिने अट घातली होती ती पाळता आली नाही, पण हे शेजारी पाटीवरून भांडत नाहीत.

फोटो आला त्या दिवशी सकाळी मी तो टेबलावर ठेवला आणि मूळ फाइल काढली. खोटं लिहीत नाही: मी ती पहिल्यांदाच काढत नव्हतो. डॅनिश पत्र आलं त्याच दिवशी, बातमीदार मुलगी येण्याच्या आधी, मी ती उघडून पाहिली होती. त्यामुळे कॅफेत मी जे बोललो ते चुकून बोललो नाही, ओक्ताव. मला ठाऊक होतं. मूळ मसुद्याचा कागद मी या पत्रात घालतोय, एकच आहे, त्याची प्रत मी ठेवलेली नाही. माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलंय, एकशे बारा अंश पूर्व, अक्षरी, शाईने. तुझ्या हातात नकाशा कधी आलाच नव्हता. मी ‘पूर्व’ लिहून दिलं आणि तू तुझ्या भाषेत ‘पूर्व’च केलंस, अगदी बरोबर. नकाशा टाइपयंत्राशेजारी उघडून बसली होती ती जिनेट. आता समासात बघ. पेन्सिलीने, तिच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात: “रूलांड, हा आमचा ओ आहे ना? मग पश्चिम?” आणि खाली माझं उत्तर, लाल शाईने, मुलांच्या वहीवर लिहावं तसं: “बाईसाहेब, भूगोल माझ्यावर सोडा.” तिने सोडला. टाइप करून दिलं आणि पुन्हा कधी एका शब्दाने बोलली नाही, दर गुरुवारी मला वाढत राहिली. तुलाही तिने सांगितलं नसावं, नाहीतर तू एवढा गप्प बसला नसतास. मी तुझ्या तोंडावर माझी चूक फेकली आणि तिचं बरोबर उत्तर खणात कुलूप लावून ठेवलं. फार वाईट वागलो मी. महिनाअखेरच्या रविवारी अकरा वाजता लादी टबात पडली की मी उभा राहून हे सगळ्यांना सांगणार आहे, आणि नियमाप्रमाणे तुझ्या भाषेत सांगावं लागणार आहे, तेव्हा निदान चुका काढायला ये. तू आलास तर सही कर, नाही आलास तर देश बुडू दे, पण हा कागद तुझाच आहे, कारण त्यावर तिचं अक्षर आहे. बस दहा वाजून वीस मिनिटांची आहे. ते बेट जिनेट म्हणाली होती तिथेच आहे, ओक्ताव.

तुझाच,
रूलांड